बोलक्या वस्तू

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या कास्तकाराच्या घरी जावे. घरधनी शेतावर गेलेला असला, तरी त्याचे घर त्याच्याविषयी पुष्कळ सांगते. भिंतीशी स्वच्छ करून ठेवलेला डवरा, खुंटीवर नीट टांगलेले दोर आणि पुढील पेरणीसाठी जपलेले बियाणे पाहिले की, हा मनुष्य कष्टाळू व दूरदर्शी आहे हे ध्यानात येते. तोच डवरा दुसऱ्या अंगणात गंजत पडलेला दिसला, तर त्या घराची कथा निराळी असते. माणूस गप्प बसेल. त्याच्या वस्तू गप्प बसत नाहीत.

चित्रपटकार या गोष्टीचा मोठा उपयोग करून घेतो. ‘तो मनुष्य हट्टी होता’ असे कादंबरीकार एका वाक्यात लिहू शकतो. चित्रपटात मात्र स्वभाव डोळ्यांना दिसावा लागतो, कानांना ऐकू यावा लागतो. म्हणून पात्राची खोली कशी असावी, भिंतीवर काय टांगावे, हे कलादिग्दर्शक विचारपूर्वक ठरवितो. या मांडणीस नेपथ्य म्हणतात.

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘कुंकू’ हा चित्रपट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. तो १९३७ साली प्रकाशित झाला. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला असून त्याचे दिग्दर्शन व्ही. शांताराम यांनी केले. नीरा या तरुण मुलीचे लग्न तिला फसवून काकासाहेब या वृद्ध वकिलाशी लावून देण्यात येते. हा अन्याय ती मुकाट्याने सोसत नाही. शांता आपटे यांनी नीरेची व केशवराव दाते यांनी काकासाहेबांची भूमिका केली.

काकासाहेबांच्या घरात भिंतीवर एक जुने घड्याळ आहे. ते पुनःपुन्हा दृष्टीस पडते. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. त्यामुळे त्याची टिकटिक अधिकच जाणवते. आरंभी ते घरातील एक साधी वस्तू वाटते. पुढे मात्र उमगते की, घड्याळाप्रमाणेच त्याचा धनीही जुना झाला आहे आणि सरलेला काळ परत येणार नाही. आरशाचेही तसेच. आरसा कोणाची भीड धरीत नाही. तरुण दिसू पाहणाऱ्या काकासाहेबांना तो त्यांचे खरे वय दाखवितो. आणि कुंकू? ज्याला लोक सौभाग्य म्हणतात, ते नीरेच्या कपाळी फसवणुकीने आले. अखेरीस काकासाहेबांनाही आपल्या अन्यायाची जाणीव होते. ती जाणीव आपल्याला आकस्मिक वाटत नाही. कारण घड्याळाने व आरशाने तीच गोष्ट त्यांना केव्हापासून सांगितलेली असते.

याचा अर्थ प्रत्येक घड्याळ म्हणजे वार्धक्य, असा नव्हे. शाळेच्या भिंतीवर तेच घड्याळ शिस्तीची आठवण देईल. वस्तू कोणाची आहे, ती कोणत्या प्रसंगी व कितीदा दिसते, यांवरून तिचा अर्थ ठरतो. म्हणून चित्रपट पाहताना केवळ पात्रांचे बोलणे ऐकू नये. त्यांच्या भोवतालच्या वस्तूंकडेही लक्ष द्यावे. तोंडाने लपविलेले सत्य पुष्कळदा त्याच उघड करतात.

अभ्यास
१. कादंबरीकार व चित्रपटकार स्वभावाचे दर्शन कसे घडवितात? दोघांतील फरक सांगा.
२. काकासाहेबांच्या घरातील घड्याळाचा अर्थ हळूहळू कसा उलगडतो?
३. ‘आरसा कोणाची भीड धरीत नाही’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
४. तुमच्या आजोबांची किंवा आजीची एखादी नित्याची वस्तू निवडा व तिच्यावरून त्यांच्या स्वभावाचे वर्णन दहा ओळींत लिहा.