चेहरा नसलेली बाई

टॉम मांजर आणि जेरी उंदीर ही जोडी कोणाला ठाऊक नाही? टॉमने झडप घालावी, जेरीने निसटावे आणि तव्याचा तडाखा टॉमच्याच तोंडावर बसावा! विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या अमेरिकन कलावंतांनी १९४० साली या जोडीचा पहिला व्यंगचित्रपट काढला.

त्याच चित्रपटात आणखी एक पात्र होते. ती घर सांभाळणारी एक कृष्णवर्णीय बाई. टॉमने काही फोडले की ती हातात झाडू घेऊन गरजत येई. प्रेक्षकांना तिचे पाय दिसत, झाडू दिसे. चेहरा मात्र जवळजवळ कधीच दिसला नाही. तिला आवाज देणाऱ्या लिलियन रँडॉल्फ या अभिनेत्रीचे नावही पडद्यावर झळकले नाही.

मांजराच्या नजरेला माणसाचे पायच दिसणार, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. परंतु त्या काळी अमेरिकेच्या चित्रपटांत कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वाट्याला बहुधा मोलकरणीचीच भूमिका येई. १९४० सालीच हॅटी मॅकडॅनियल हिला ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. तिची भूमिका मोलकरणीचीच होती. आणि समारंभात तिला इतरांपासून दूर, वेगळ्या मेजाशी बसवले होते.

अशा चित्रणाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी आवाज उठवला. १९५२ नंतर ही बाई नव्या चित्रपटांत दिसेनाशी झाली. पुढे दूरदर्शनसाठी जुन्या चित्रपटांत तिच्या जागी एक गोरी स्त्री रेखाटण्यात आली. दोष झाकला गेला. पण त्याबरोबर ती बाईही पुसली गेली!

२००५ साली मूळ चित्रपटांचा संग्रह निघाला. त्याच्या आरंभी व्हूपी गोल्डबर्ग या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने प्रेक्षकांना सांगितले की, ही चित्रे दडवणे म्हणजे असे काही घडलेच नाही, असे म्हणण्यासारखे आहे.

टॉम घसरून पडला की आपण हसतो. त्या हसण्याने कोणाचेही मन दुखावत नाही. परंतु कोणाच्या वर्णावर वा जन्मावर हसणे हा विनोद नव्हे. म्हणून मुलांनो, पोटभर हसा. मात्र हसता हसता एवढे अवश्य पाहा, की या चित्रात चेहरा कोणाला दिला आहे आणि कोणाला नाही?

स्वाध्याय
१. बाईचा चेहरा न दाखवण्याचे कोणते कारण कोणी सांगेल? ते तुम्हांला पुरेसे वाटते का?
२. ‘दोष झाकला गेला, पण त्याबरोबर ती बाईही पुसली गेली!’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या चित्रपटातील नोकराच्या पात्राविषयी पाच वाक्ये लिहा.