एका नाण्याचा आनंद



१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. पुढे मोटारींचे व सुट्या भागांचे कारखाने आले आणि आपल्या गावाचे घड्याळ पाळीवर चालू लागले. आजही अनेक घरांत वडील रातपाळीहून परततात, तेव्हा मुले शाळेला निघालेली असतात. दारातच भेट होते. "डबा घेतलास का?" एवढेच बोलणे होते. बाकीचा आनंद आपण पुढे ढकलतो. नोकरी कायम झाली की, घराचे हप्ते फिटले की, मग बघू!

संत लूकच्या शुभवर्तमानात (१५:८-१०) प्रभू येशू एका स्त्रीचा दाखला देतो. तिच्या दहा नाण्यांतले एक हरवते. ते नाणे म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी. ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते. आणि सापडताच मैत्रिणींना व शेजारणींना बोलावते. एक पापी पश्चात्ताप करतो तेव्हा स्वर्गात होणारा आनंद समजावून सांगायला येशूला एवढीशी घरगुती गोष्ट पुरली. म्हणजे असे लहान आनंद देवाच्या दृष्टीने क्षुल्लक नाहीत.

आपलेही दिवस असेच नकळत हरवतात. शोधले तर दारातली ती दोन मिनिटे सापडतील. पहाटे पहिल्या पाळीआधी कोणीतरी उठून करून दिलेला चहा सापडेल.

मात्र ज्याचे कंत्राटी काम सुटले आहे, त्याला "आहे त्यात सुख मान" असे सांगणे ही येशूची शिकवण नव्हे. त्या स्त्रीनेही हरवलेले नाणे "जाऊ दे" म्हणून सोडले नाही. हक्काची मजुरी मागणारा माणूसही चहाच्या कपासाठी देवाचे आभार मानू शकतो. आणि आनंद झाला की शेजाऱ्याला बोलवायचे असते, हेही तिने दाखवले.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात जेवणाआधी व जेवणानंतर देवाचे आभार मानण्याची सवय पुन्हा लावून घ्यायला सांगितले. त्यात अन्नामागे राबणाऱ्या हातांची आणि गरजवंतांची आठवण असते.

या आठवड्यासाठी: पाळी सांभाळून एक जेवण सर्वांनी एकत्र घ्या. प्रार्थनेनंतर प्रत्येकाने दिवसातला एक लहान आनंद सांगावा. आणि ज्या घरी सध्या काम नाही, त्या घरच्यांना जेवायला बोलवा.

प्रार्थना: हे प्रभो, तू रोज देतोस ते पाहण्याची दृष्टी आणि ते वाटून घेण्याचे मन आम्हांला दे. आमेन.