फंड अकाउंटिंगमधून गुंतवणुकीकडे

प्रश्न : मी बी.कॉम. आहे, राहायला लालबागला. लोअर परळच्या एका ऑफिसात सहा वर्षं फंड अकाउंटिंग करतोय. शेअरबाजाराचं वेड कॉलेजपासूनचं. आता संशोधनाच्या नाहीतर फंड मॅनेजरच्या टीममध्ये जायचंय. पण सगळे म्हणतात, एकदा ऑपरेशन्सचा शिक्का बसला की सुटत नाही. एमबीए करू की सीएफए? — एक वाचक

उत्तर : शिक्का सुटतो, पण नुसत्या पदवीने नाही.

आधी स्वतःच्या कामाची किंमत ओळखा. बहुतेक म्युच्युअल फंड योजनांची त्या दिवसाची एनएव्ही रात्री 11च्या आत ॲम्फीच्या वेबसाइटवर चढवावी लागते. त्याआधी तुम्ही कस्टोडियनचं स्टेटमेंट आपल्या पुस्तकांशी जुळवता, बोनस किंवा स्प्लिट असेल तर शेअरची संख्या आणि भाव दोन्ही बरोबर बसलेत ना हे पाहता. 27 जानेवारी 2023पासून सगळ्या शेअर्सची सेटलमेंट सौद्याच्या दुसऱ्याच दिवशी होऊ लागली, तेव्हा चूक निस्तरायला मिळणारा एक दिवसही गेला. पैसा प्रत्यक्षात कसा फिरतो हे तुम्हाला ठाऊक आहे. बिझनेस स्कूलमधून थेट आलेल्या मुलांना ते शिकायला वेळ लागतो.

अडचण वेगळीच आहे. तुमच्या कामात बरोबर उत्तर एकच असतं आणि आकडे जुळले की दिवस संपतो. गुंतवणुकीत माहिती अर्धवट असताना मत द्यावं लागतं, त्या मतावर दुसऱ्याचे पैसे लागतात आणि ते बरोबर की चूक हे कळायला दोन-तीन वर्षं जातात. मुलाखत घेणाऱ्याच्या मनात हाच प्रश्न असतो : हा मत देईल का, आणि त्यामागे उभा राहील का?

त्याचं उत्तर लिहिलेल्या कामातूनच देता येतं. ऑफिसजवळचीच कंपनी घ्या. फिनिक्स मिल्स ही 1905 सालची कापडगिरणी. आज त्याच आवारात मॉल उभा आहे आणि कंपनीचे शेअर बाजारात आहेत. (तो शेअर घ्या, असं मी सुचवत नाही.) वार्षिक अहवाल मुंबई शेअरबाजाराच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. कोणत्या मॉलमधल्या दुकानांची विक्री किती आणि त्यातून भाडं किती, याचे पाच वर्षांचे आकडे एका तक्त्यात मांडा. भाडं विक्रीपेक्षा जोरात वाढत असेल तर दुकानदाराला ते किती काळ झेपेल? नवा मॉल भरायला किती वर्षं लागली? कर्ज कशासाठी काढलंय? मग दोन पानांत लिहा : आजच्या भावाला हा शेअर घ्यावा की नाही, आणि काय घडलं तर माझं मत चुकलं असं मी मानेन. खाली तारीख टाका आणि नंतर त्या मजकुराला हात लावू नका. दर तिमाहीला अशी एक कंपनी. वर्षाअखेरीस तुमच्याकडे दाखवायला चार टिपणं असतील, आणि माझ्या मते ती कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलतील.

एक धोका मात्र गांभीर्याने घ्या. फंड काय घेतोय, काय विकतोय हे तुमच्या डोळ्यांसमोर असतं. त्या माहितीवर स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या नावावर सौदा करणं हा गुन्हा आहे. स्वतःचे व्यवहार करायचे असतील तर कम्प्लायन्सची आधी परवानगी घ्या, आणि टिपणं शक्यतो आपल्या फंडाकडे नसलेल्या कंपन्यांवर लिहा.

थेट उडी क्वचितच जमते. जोखीम विभाग, फंडाच्या कामगिरीचं विश्लेषण, डीलिंग रूम ही मधली दारं आहेत. फंड मॅनेजरशी तिथूनच रोज बोलणं होतं. पगार काही काळ वाढणार नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

परीक्षांचं थोडक्यात सांगतो. एनआयएसएमची रिसर्च ॲनालिस्टची परीक्षा लगेच द्या. ती कामाला लागतेच. सीएफएच्या तीन पातळ्या नोकरी सांभाळून होतात. पण चार्टर मिळायला 4,000 तासांचा अनुभव लागतो आणि तो गुंतवणुकीच्या निर्णयाशी निगडित हवा. निव्वळ नोंदी जुळवण्याचं काम त्यात धरलं जाईलच असं समजू नका. एमबीएसाठी नोकरी सोडायची तर जमनालाल बजाजसारख्या संस्थेत प्रवेश मिळाला तरच सोडा. कुठल्यातरी कॉलेजात लाखोंची फी भरण्यात अर्थ नाही.

पहिलं टिपण झालं की आपल्याच कंपनीतल्या एखाद्या संशोधन विश्लेषकाला वाचायला द्या आणि त्यात काय चुकलं ते विचारा. बाहेर अर्ज त्यानंतर करा.