गावचे दप्तर आणि संगणकातील तक्ते

तक्ता ही वस्तू खेड्यातील माणसाला नवी नाही. गाव नमुना सातमध्ये जमिनीवरील अधिकार, बारामध्ये पिके, आठ-अ मध्ये खातेदाराची एकूण जमीन आणि सहामध्ये फेरफार, अशी नोंदींची विभागणी तलाठी दप्तरात पूर्वापार चालत आलेली आहे. संगणकातील माहितीसाठ्याची रचना समजून घेण्यास हेच दप्तर उत्तम वस्तुपाठ ठरते. माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत मांडण्याचा सिद्धांत आय.बी.एम. कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला.

अशा तक्त्यात प्रत्येक ओळ म्हणजे एक नोंद व प्रत्येक रकाना म्हणजे त्या नोंदीचा एक गुण होय. ओळींच्या क्रमाला येथे महत्त्व नसते. म्हणून प्रत्येक नोंद निश्चितपणे ओळखता येईल अशी खूण आवश्यक ठरते. तिला 'प्राथमिक किल्ली' म्हणतात. नाव ही किल्ली होऊ शकत नाही, कारण एकाच गावात एकाच नावाचे दोन खातेदार असू शकतात. केवळ गट क्रमांकही पुरेसा नाही, कारण गट क्रमांक ४७ अनेक गावांत आढळेल. गावाचा संकेतांक आणि गट क्रमांक मिळून मात्र किल्ली सिद्ध होते.

आता उदाहरणादाखल एकाच गावाचे तीन तक्ते कल्पावेत. पहिल्यात खाते क्रमांक व खातेदाराचे नाव. दुसऱ्यात गट क्रमांक व क्षेत्र. तिसऱ्यात गट क्रमांक, खाते क्रमांक व हिस्सा. गट ४७ दोन भावांचा सामाईक असेल, तर तिसऱ्या तक्त्यात दोन ओळी येतील. गटाचे क्षेत्र मात्र दुसऱ्या तक्त्यात एकदाच राहील. तिसऱ्या तक्त्यातील खाते क्रमांक पहिल्या तक्त्याकडे बोट दाखवितो. त्यास 'परकीय किल्ली' असे नाव आहे. अस्तित्वात नसलेला खाते क्रमांक तेथे लिहू लागल्यास, तसा नियम घातलेला असेल तर संगणक ती नोंद नाकारतो.

या मांडणीचा लाभ मोठा आहे. कागदी दप्तरात तीन गटांत जमीन असणाऱ्याचे नाव तीन ठिकाणी लिहावे लागे. एका ठिकाणी दुरुस्ती राहून गेली की अभिलेखांत विसंगती निर्माण होई आणि पीककर्जाच्या वेळी खातेदार अडचणीत येई. तक्त्यांच्या पद्धतीत नाव एकदाच असते. दुरुस्तीही एकदाच होते.

तथापि, मूळ नोंदच चुकीची असेल तर संगणक तीच चूक सर्वत्र दाखवील. म्हणूनच महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५० अन्वये फेरफारावर हरकतीची संधी ठेवलेली आहे, तर कलम १५५ अन्वये लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो.

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. आज हैदराबादच्या विद्यानगरात राहणाऱ्या, पण मराठवाड्यात वडिलोपार्जित शेती असणाऱ्या कुटुंबालाही डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू शकतो. तो हाती येताच खाते क्रमांक, गट क्रमांक, नाव व क्षेत्र या चार रकान्यांची आठ-अ शी ताडणी करून पाहणे, हे प्रत्येक खातेदाराच्या हिताचे आहे.