बदलता पत्ता व फायरवॉल

शाळेच्या कार्यालयास इंटरनेटवरील पत्ता बहुधा ठराविक मुदतीपुरताच मिळतो. मुदत सरली वा जोडणी तुटली की तो बदलू शकतो. फायरवॉलच्या नियमात कालचा पत्ता लिहिलेला असेल, तर आज काम अडते. यास्तव नियम पत्त्याशी न बांधता दाराशी, म्हणजे राउटरच्या ‘वॅन’ या जोडणीशी बांधावा.

क्रम असा ठेवावा :

(१) बाहेरून आपण होऊन येणारे सर्व नाकारावे. आतून केलेल्या मागणीचे उत्तर तेवढे येऊ द्यावे.

(२) पत्ता मिळविण्याची देवघेव ६७ व ६८ या पोर्टांवर होते. ती अडवू नये.

(३) १९२.१६८ ने आरंभ होणारे आतील पत्ते बाहेर जाताना त्या वेळच्या बाह्य पत्त्याने झाकले जावेत.

शेवटी राउटर बंद करून पुन्हा चालू करावा. नवा पत्ता मिळूनही काम सुरळीत चालले, तर मांडणी योग्य झाली असे समजावे.