भौतिकशास्त्र आणि खानदेशच्या मुली

भौतिकशास्त्र हा विषय मुलींना झेपत नाही, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. निकाल मात्र निराळे सांगतात. मार्च २०२४ च्या शालान्त परीक्षेत राज्यातील नियमित विद्यार्थिनींपैकी ९७.२१ टक्के, तर विद्यार्थ्यांपैकी ९४.५६ टक्के उत्तीर्ण झाले. दहावीपर्यंत विज्ञान सर्वांनाच अनिवार्य असते. खरी गळती त्यानंतर, विषय निवडताना सुरू होते. देशातील आयआयटी संस्थांत मुलींचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत राहिल्याने २०१८ पासून त्यांच्यासाठी जादा जागा निर्माण कराव्या लागल्या.

शाळेचा प्रभाव

ब्रिटनमधील भौतिकशास्त्र संस्थेचा २०१२ चा अहवाल या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तेथील जवळजवळ निम्म्या सरकारी मिश्र शाळांतून २०११ साली एकही मुलगी उच्च स्तरावर भौतिकशास्त्राकडे वळली नव्हती. मुलींच्या शाळांत मात्र हे प्रमाण सुमारे अडीचपट होते. यावरून विषयाची निवड शाळेतील वातावरणावरही अवलंबून असते, हे स्पष्ट होते. ख्यातनाम भौतिकशास्त्रज्ञ डॉ. रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) पुण्याच्या हुजूरपागेच्या विद्यार्थिनी होत्या, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

जळगाव-धुळ्यात काय करता येईल?

बारावीला भौतिकशास्त्राच्या १०० गुणांपैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. मुलाने उपकरण हाताळायचे आणि मुलीने नोंदी लिहायच्या, अशी विभागणी शिक्षकांनी होऊ देऊ नये. वर्निअर, स्क्रू गेज व मीटर ब्रिज प्रत्येकीच्या हाती आले पाहिजेत. उदाहरणेही परिसरातील असावीत. केळीच्या बागेतील ठिबक संचाचा दाब, विहिरीवरील पंपाची शक्ती, साक्री तालुक्यातील पवनचक्क्या व सौरऊर्जा प्रकल्प हे सारे भौतिकशास्त्रच होय.

ग्रामपंचायत सदस्यांनी गावातील दहावी उत्तीर्ण मुलींपैकी किती जणींनी विज्ञान शाखा घेतली, याची दरवर्षी नोंद ठेवावी. प्रात्यक्षिके संपल्यावर तालुक्याच्या गावाहून परतीची एस.टी. मिळते की नाही, हे पाहून आगाराकडे पाठपुरावा करावा. शुल्क हा अडसर आता बराच दूर झाला आहे. वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासनाने २०२४ मध्ये माफ केले आहे. परंतु बारावीनंतर अभियांत्रिकीची व वैद्यकाची अशा दोन्ही वाटा भौतिकशास्त्रातूनच जातात. अकरावीत तो विषय सुटला, तर ही सवलत कागदावरच राहील. म्हणून दहावीच्या निकालानंतरचे काही दिवस पालक, शिक्षक व पंचायत यांनी अत्यंत जागरूकपणे हाताळले पाहिजेत.