दुष्फेन पाणी आणि आपले केस

'केसालाही धक्का लागू देणार नाही' असे आपण सहज बोलून जातो. परंतु आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही वसतिगृहात रविवारी सकाळी कान दिला, तर केसांना धक्का लागण्याची सुरुवात नळाखालच्या बादलीपासूनच होते, अशी बहुतेक मुलींची खात्री झालेली दिसते. "इथलं पाणी मानवत नाही, केस गळतात," हे वाक्य नव्या मुलीला पहिल्या आठवड्यातच पाठ होते. या समजुतीत खरे किती आणि ऐकीव किती, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. तेव्हा लेखातील रसायनशास्त्र विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींना बाळबोध वाटल्यास त्यांनी सांभाळून घ्यावे.

ज्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही त्यास शालेय पुस्तकात 'दुष्फेन' पाणी म्हटले आहे. आमची आजी पुस्तक न वाचता तेच सांगते : "बोरचं पानी जड हाये माय, साबन फुटतच नाई." (अणुभट्टीत वापरतात ते जड पाणी निराळे, त्याचा येथे संबंध नाही.) पावसाचे पाणी मुळात मऊ असते. ते जमिनीत मुरताना हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड वायू बरोबर घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. वाटेत चुनखडी लागली की ती त्यात विरघळते. अशा रीतीने कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार पाण्यात येतात. वणी, मारेगाव, झरी-जामणी या पट्ट्यात तर चुनखडीचा दगडच आहे. वणीजवळच्या राजूरच्या चुन्याच्या भट्ट्या सर्वांना ठाऊक आहेत, आणि मुकुटबनला याच दगडापासून सिमेंट होते. जिल्ह्याच्या उरलेल्या बहुतेक भागात काळा पाषाण व काळी माती आहे. तेथेही मातीत चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. धरणाचे पाणी त्या मानाने मऊ असते. यवतमाळ शहरात निळोणा व चापडोह धरणांचे पाणी पिणारा आणि बोअरचे पाणी भरणारा शेजारी शेजारी राहत असले, तरी त्यांचा साबण सारख्याच दिवसांत संपत नाही.

हा क्षार मोजण्याची रीत आहे. भारतीय मानक ब्युरोच्या 2012 सालच्या मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण कठीणपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावा. आता थोडे गणित करू. एक ग्रॅम कठीणपणा साधारण सहा ग्रॅम साबण फुकट घालवतो. 300 मिलिग्रॅम कठीणपणाचे 10 लिटर पाणी घेतले तर त्यात 3 ग्रॅम क्षार झाला, म्हणजे सुमारे 18 ग्रॅम साबण फेस येण्यापूर्वीच नष्ट होणार. अर्थात बादलीतील सगळे पाणी साबणाला भेटत नाही, म्हणून प्रत्यक्ष नुकसान कमी होते. तरीही ज्या घरात महिन्याचा किराणा मोजून येतो तेथे हा हिशेब लहान नाही.

नष्ट झालेला साबण जातो कोठे ? दूध नासावे तसा तो नासतो. कॅल्शियमशी संयोग होऊन त्याचा पाण्यात न विरघळणारा चिकट पांढरट साका तयार होतो. बादलीच्या काठावर जी कड धरते ती हीच. हा साका डोक्यावरही बसतो. केसाचा बाहेरचा भाग कौलारू छपरासारखा असतो. एकावर एक बारीक खवले बसवलेले असतात. साबण अल्कधर्मी असल्याने ही कौले किंचित उचलली जातात आणि साका त्यांवर चिकटून बसतो. शिवाय कॅल्शियम स्वतःही केसाला चिकटते. रंगवलेल्या किंवा अगोदरच खराब झालेल्या केसांना ते अधिक चिकटते. मग केस राठ लागतात, गुंततात, फणी अडते. आपण ओढतो आणि केस तुटतात. टाळूवर राहिलेला साका कोरडा झाला की खाज सुटते आणि पांढरा भुसा पडतो. त्याला आपण कोंडा म्हणतो, परंतु खरा कोंडा निराळा. त्याच्या मुळाशी टाळूवर राहणारी एक प्रकारची सूक्ष्म बुरशी असते आणि तो केवळ पाणी बदलल्याने जात नाही.

येथे जुन्या बायकांचे कौतुक केल्याशिवाय पुढे जाववत नाही. शिकेकाई, रिठा, आवळकाठी उकळून त्या पाण्याने न्हाण्याची रीत आपण मागासलेली म्हणून सोडली. शिकेकाई व रिठ्यातील फेस देणारे द्रव्य साबणाच्या जातीचे नाही. कॅल्शियमशी त्याचा साका होत नाही. शिवाय शिकेकाई आंबट असते, त्यामुळे उचललेली कौले पुन्हा बसण्यास मदत होते. शेवटच्या तांब्यात अर्धे लिंबू पिळण्यामागेही हेच कारण आहे : आंबट पाण्यात चुना विरघळतो. (टाळूवर खरचटले असेल तर मात्र लिंबू लावू नये, डोळ्यांतून पाणी येईल.) पन्हाळीखाली गुंड ठेवून पावसाचे पाणी धरणे आणि ते न्हाण्यासाठी राखणे हा तर सर्वांत शहाणपणाचा उपाय, पण तो चारच महिन्यांचा.

आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. त्यामुळे सुटीत घरी गेले की शेजारपाजारच्या बायका पुडीवर काय छापले आहे ते मला वाचायला लावतात. त्यातून एक गोष्ट समजली. शाम्पू हा साबण नव्हे. त्यातील सोडियम लॉरेथ सल्फेटसारख्या द्रव्यांचा साका होत नाही. तेव्हा बोअरच्या पाण्यात अंगाच्या साबणाने डोके धुण्यापेक्षा एक रुपयाची पुडी बरी. ज्या पुडीवर ईडीटीए हे नाव असते तिच्यातील ते द्रव्य कॅल्शियमला धरून ठेवते. बाकी जाहिरातीत जे लांबसडक केस उडतात त्यांचा पुडीशी संबंध किती, हा विषय वेगळा.

पाणी मऊ करण्याचे उपाय अनेक सांगितले जातात. उकळल्याने चुनखडीपासून आलेला कठीणपणा बराच जातो. बंबाच्या आत जी पांढरी खर जमते ती हीच. पाणी निवू द्यावे, वरचे हलकेच ओतून घ्यावे, तळाचे टाकावे. सल्फेट व क्लोराइडमुळे आलेला कठीणपणा मात्र उकळून जात नाही. धुण्याचा सोडा तोही काढतो, पण तो कपड्यांपुरता ठेवावा. डोक्याला तो साबणापेक्षा वाईट. तुरटीने गाळ बसतो, क्षार जात नाही. या बाबतीत आमच्या गावात अजून वाद आहे. मिठावर चालणारी पाणी मऊ करण्याची यंत्रे चांगली असतात, परंतु त्यांची किंमत पाहता ती आपल्यासाठी नाहीत.

आता मुख्य प्रश्न. जड पाण्याने केस गळतात काय ? 2013 साली कोइमतूर येथील डॉक्टरांनी 15 जणांचे केस घेऊन काही जड पाण्यात व काही शुद्ध पाण्यात ठेवून तपासले. केसांच्या ताकदीत लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या पाकिस्तानातील अभ्यासात मात्र जड पाण्याने केस कमकुवत झालेले दिसले. म्हणजे तुटण्याबद्दलच अद्याप एकमत नाही. आणि तुटणे निराळे, गळणे निराळे. फणीत आलेला केस नीट पाहावा. टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून आला; त्याचे कारण बादलीत नाही, शरीरात शोधावे लागेल. दिवसाला पन्नास ते शंभर केस सर्वांचेच जातात. त्याहून अधिक जाऊ लागले तर मोठा ताप, बाळंतपण, थायरॉइडचा विकार, उपासमार, रक्तातील लोहाची कमतरता अशी कारणे असू शकतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54.2 टक्के रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे वर्गातील बाकावर दोघी बसलेल्या असतील तर हिशेबाने त्यांतील एक. तिचे केस गळतात, तिला जिने चढताना धाप लागते, आणि मैत्रिणी तिला तेलाची बाटली सुचवतात ! प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून मिळते आणि लोहाच्या गोळ्याही मिळतात, हे तिला कोणी सांगत नाही. पाण्याला दोष देणे सोपे असते, कारण पाणी सर्वांचे असते.

एक धोका उरला, तो केसांचा नाही. फेस भरपूर येतो, डाळ लवकर शिजते, म्हणून एखाद्या हापशीचे पाणी 'गोड' ठरते आणि सारा मोहल्ला तेथे रांग लावतो. परंतु ज्या भूजलात कॅल्शियम कमी असते त्यात फ्लोराइड अधिक विरघळून राहू शकते, आणि आपल्या जिल्ह्यात पांढरकवडा, झरी-जामणी भागातील कित्येक गावांत फ्लोराइडचा त्रास आहे. मुलांच्या दातांवरचे तपकिरी डाग व मोठ्यांची वाकलेली हाडे ही त्याची खूण. मानकानुसार ते लिटरमागे 1 मिलिग्रॅम असावे, फार तर दीड. मऊ पाण्याने खुशाल न्हावे. प्यायचे असेल तर ग्रामपंचायतीमार्फत नमुना प्रयोगशाळेत पाठवून अहवाल पाहावा. चवीने किंवा रंगाने फ्लोराइड कळत नाही, आणि उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते.